स्वयंचलित कारखाना आणि आपण



१८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा सुरू झाली आणि पुढे ती महाराष्ट्रातल्या गावोगावी पोहोचली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, दिवसभराचा उकाडा ओसरल्यावर, अंगावर वाऱ्याची एखादी झुळूक घेत चार शहाण्या माणसांचे विचार ऐकावेत, ही कल्पनाच मोठी गोड आहे. अशा व्यासपीठावर संतवाङ्मय शोभते, इतिहास शोभतो, काव्य तर शोभतेच. माझ्यासारख्या कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला आपण नांदेडला बोलावलेत आणि मीही लातुराहून मोटारीत बसून निमूटपणे आलो, हे धाडस आपले आणि माझे सारखेच म्हणावे लागेल.

माझा विषय रुक्ष आहे. कारखान्यातले स्वयंचलन, म्हणजे आपोआप चालणारी आणि आपोआप सावरणारी यंत्रे. मात्र या रुक्ष विषयाने आपल्या घरात केव्हाच पाऊल टाकले आहे. आज दुपारी आपण जे वरण जेवलात, त्यातली डाळ बहुधा यंत्राच्या डोळ्याने निवडलेली होती. चहात जी साखर घातलीत, तिचा रस चुन्याने साफ होत असताना त्यात चुना किती पडावा, हे कदाचित एखाद्या यंत्रानेच ठरवले असेल. आपल्या अंगावरच्या कापडाच्या सुतावरही असल्याच यंत्राची नजर असणार. जे आपल्या ताटात आणि अंगावर आले, ते आपल्या विचारातही यायला हवे, एवढ्याच भरवशावर मी बोलणार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. यंत्र निराळे आणि स्वयंचलन निराळे. आपल्या गल्लीतली पिठाची गिरणी हे यंत्र आहे. ती माणसाचे कष्ट वाचवते, परंतु दाणे संपले तरी ती रिकामीच फिरत राहते. पीठ जाड येते की बारीक, हेही तिला ठाऊक नसते. ते पाहायला गिरणीवाला तेथे उभा असतो. चिमटीत पीठ घेऊन तो बोटांनी चोळतो आणि जात्याचा चाप घट्ट किंवा सैल करतो. यंत्राने माणसाच्या दंडाची जागा घेतली, पण पाहणे, ताडणे आणि सावरणे ही कामे माणसाकडेच राहिली. स्वयंचलन नेमके येथे सुरू होते. ते माणसाच्या दंडाची जागा घेत नाही, त्याच्या लक्षाची जागा घेते.

हे लक्ष म्हणजे काय, ते सांगायला मला परदेशात जायला नको. आपल्यापैकी पुष्कळांनी रात्री-अपरात्री उसाला पाणी दिले असेल. पंप चालू झाला की फडात एक माणूस दारे धरायला उभा राहतो. सरी कितपत भरायची, हे त्याच्या मनात ठरलेले असते. आत्ता ती किती भरली आहे, हे तो कंदिलाच्या नाहीतर बॅटरीच्या उजेडात पाहतो. हवे किती आणि आहे किती, यांतला फरक तो मनाशी ताडतो. मग खोऱ्याने या सरीचे तोंड बंद करतो आणि पुढच्या सरीचे उघडतो. जगातल्या झाडून सगळ्या स्वयंचलित कारखान्यांचे सार या चार गोष्टींत आहे: मनात नेमलेला आकडा, पाहणारा डोळा, फरक ताडणारे डोके आणि खोरे चालवणारा हात. हाताने काही केले की त्याचा परिणाम पुन्हा डोळ्याला दिसतो आणि चक्र पुरे होते. केल्या कामाची ही खबर उलट पावली डोक्याकडे येते, तिला इंग्रजी जाणणारे फीडबॅक म्हणतात आणि आपले कोशकार प्रत्याभरण म्हणतात. मी आज तिला साध्या बोलीत परतखबर म्हणणार आहे.

दारे धरणारा मुरलेला असेल तर तो आणखी दोन गोष्टी करतो. सरी भरण्याच्या थोडे आधीच तो तिचे तोंड बंद करतो, कारण पाटात असलेले पाणी अजून यायचे आहे हे त्याला ठाऊक असते. फरक किती आहे एवढेच पाहून तो थांबत नाही, फरकाची चाल पाहतो. शिवाय वरच्या अंगाच्या सऱ्या सारख्याच थोड्या-थोड्या तहानलेल्या राहत आहेत, हे त्याच्या मनात साचत जाते आणि तो हळूहळू आपला अंदाज वाढवतो. आत्ताचा फरक, साचलेला फरक आणि फरकाची चाल, या तिन्हींचा मेळ घालणाऱ्या यंत्राला जगभर पीआयडी नियंत्रक म्हणतात. नाव बोजड आहे, पण आपल्या फडातला माणूस तेच करीत असतो.

यंत्राला ही परतखबर देण्याचा गाजलेला पहिला प्रयोग जेम्स वॉटच्या वाफेच्या यंत्रावरचा. १७८८ साली त्याने यंत्राच्या दांड्याला दोन जड गोळे जोडले. यंत्र जोरात फिरू लागले की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप आवळत. यंत्र मंद झाले की गोळे खाली येत आणि झडप उघडत. झडपेपाशी माणूस उभा करण्याची गरज उरली नाही. पुढे या गोळ्यांनी एक खोडी काढली. काही यंत्रे स्थिर होण्याऐवजी सारखी वर-खाली हेलकावे खाऊ लागली. वेग वाढला की जास्तच आवळायचे, कमी झाला की जास्तच सोडायचे, असा उतावळेपणा. सायकल नव्याने शिकणारा मुलगा हँडल डावी-उजवीकडे जसे जोराने ओढतो, तसेच हे होते. १८६८ साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर शास्त्रज्ञाने या हेलकाव्यांचे गणित मांडले आणि परतखबरीच्या शास्त्राचा पाया घातला गेला.

मॅक्सवेलपेक्षा मला जवळची वाटते ती निकोलाय मिनोर्स्की याची कथा. हा जन्माने रशियन, पुढे अमेरिकेत गेलेला. जहाज आपोआप आपल्या दिशेवर कसे ठेवावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. पोथ्या बाजूला ठेवून तो सुकाणूवरच्या खलाशांकडे पाहत राहिला. जहाज किती वळले एवढेच पाहून खलाशी सुकाणू फिरवत नाही. ते किती वेगाने वळते आहे आणि वारा त्याला सतत कोणत्या बाजूला लोटतो आहे, हेही तो जाणतो, असे त्याच्या ध्यानात आले. खलाशाचे हे जाणतेपण त्याने १९२२ साली गणितात मांडले. मघाशी सांगितलेला तीन फरकांचा मेळ तो हाच. म्हणजे यंत्राने आपले पहिले शहाणपण एका कसबी माणसाच्या हाताकडून घेतले. ही गोष्ट आपण पदराशी बांधून ठेवावी. माझे पुढचे सारे बोलणे तिच्यावर उभे आहे.

त्यानंतरची प्रगती झपाट्याची आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या मोटारींच्या कारखान्यात यांत्रिक हात कामाला लागला. १९६८-६९ च्या सुमारास शेकडो विजेरी खटक्यांनी भरलेली कपाटे बाजूला सारून लहानसा कार्यक्रमणीय नियंत्रक आला. कामगार त्याला पीएलसी म्हणतात आणि आपणही तसेच म्हणू. पूर्वी यंत्राचा क्रम बदलायचा म्हणजे तारा तोडून पुन्हा जोडाव्या लागत. आता नुसती आज्ञा बदलली की भागते. आज आपल्याकडच्या साध्या डाळ मिलमध्येही हा डबा भिंतीवर दिसतो.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. निजामी राजवटीत नांदेडला उस्मानशाही कापड गिरणी उभी राहिली. मराठवाड्यातल्या मोठ्या कारखानदारीचे ते आरंभीचे रोप. पुढे ती सरकारच्या ताब्यात गेली आणि काळाच्या ओघात बंद पडली. ती का बंद पडली, याला कारणे अनेक. एकाच कारणाला फाशी देणे अन्यायाचे होईल. मात्र तिच्याभोवती वाढलेल्या गावाने एक धडा शिकायला हवा होता. यंत्रे विकत मिळतात, पण यंत्रे समजणारी माणसे विकत मिळत नाहीत. ती तयार करावी लागतात.

गिरणी थांबली तरी शेतमालावर चालणारी आपली कारखानदारी थांबलेली नाही. इकडे कापसाचे जिनिंग, तिकडे लातूरला तूर, हरभरा आणि सोयाबीन, आणि मांजरेच्या व गोदावरीच्या खोऱ्यात साखर. माझा स्वतःचा संसार साखरेवर झाला, म्हणून मी साखरेविषयी थोडे सविस्तर बोलतो.

साखर कारखान्याच्या आधी गुऱ्हाळ होते. गुऱ्हाळाचा राजा गुळव्या. काहिलीत रस उकळत असतो, आणि पाक कधी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. तो पाकाचे दोन थेंब थंड पाण्यात टाकतो आणि गोळी कशी होते ते पाहतो. चार पळे आधी उतरवला तर गूळ बसत नाही, चार पळे उशीर झाला तर करपतो. त्याच्याजवळ ना उष्णतामापक, ना घड्याळ. त्याचे बोट हेच त्याचे यंत्र.

पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले आणि हळूहळू ते वारे आपल्याही भागात आले. कारखान्यात रसाला चुना आणि गंधकाचा धूर देऊन साफ करतात. हे काम नाजूक असते. रस आम्लधर्मी राहिला तर त्यातली साखर मोडते आणि मळीत जाते. चुना जास्त झाला तर रस काळवंडतो. रसाचा पीएच सातच्या आसपास राखावा लागतो आणि तो मिनिटामिनिटाला बदलत असतो, कारण प्रत्येक गाडीतला ऊस निराळा. पूर्वी एक माणूस कागदाची पट्टी रसात बुडवून रंग पाही आणि चुन्याचा नळ फिरवी. रात्रपाळीच्या पहाटे तीन वाजता त्याचे डोळे मिटत आणि शेतकऱ्याची साखर नकळत मळीत जाई. येथे पीएच पाहणारा विजेचा डोळा आणि चुना सोडणारी यांत्रिक झडप आली, ती वरदान म्हणूनच आली. तिच्याबद्दल एक अक्षर वाईट बोलायला मी तयार नाही. डोळा मिटणे हा माणसाचा धर्म आहे आणि न मिटणे हा यंत्राचा. ज्याचा धर्म ज्या कामाला शोभतो, त्याने ते करावे.

खरा कस पुढे लागतो. रस आटवून त्याचा पाक झाला की तो पॅनमध्ये जातो. हे पॅन म्हणजे हवा काढून घेतलेले प्रचंड भांडे. त्यात पाक कमी उष्णतेवर उकळतो आणि साखरेचा दाणा धरतो. पाक पातळ राहिला तर धरलेला दाणा विरघळतो. फार दाट झाला तर नको असलेला बारीक चुरा नव्याने उपजतो आणि पुढे दाणा व मळी वेगळी होत नाहीत. या दोन काठांमधली वाट अरुंद असते, आणि ती वाट जाणणाऱ्या माणसाला आम्ही पॅनमन म्हणतो. तो भांड्यातून थोडा नमुना काढतो, काचेवर पसरून दिव्यासमोर धरतो आणि मग अंगठा व तर्जनी यांत घेऊन त्याची तार पाहतो. हा गुळव्याचाच सख्खा नातू.

मी तरुण असताना ज्या कारखान्यात होतो, तेथे असे एक पॅनमन होते. सारे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या पॅनवर आपोआप पाक सोडणारे यंत्र बसवण्याचे काम माझ्याकडे आले. पाकातून वीज किती सहज वाहते, हे ते यंत्र मोजते. पाक दाट झाला की वीज कमी वाहते आणि यंत्र झडप उघडते. मी पुस्तकातला आकडा यंत्रात नेमला आणि ऐटीत उभा राहिलो. चौथ्या दिवशी पॅन बिघडले, बारीक चुरा झाला. माझे यंत्र शांतपणे सांगत होते की सारे काही ठीक आहे. मामांनी काच दिव्यापुढे धरली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “साहेब, तुमच्या डब्याचे डोळे आलेत बघा.” यंत्राचा पाकात बुडणारा दांडा काढून पाहिला, तर त्यावर क्षाराचे कवच चढलेले. डोळाच झाकला गेला होता आणि डोके बिचारे झाकलेल्या डोळ्यावर विश्वास ठेवून निकाल देत होते.

त्यानंतर मी पुस्तक मिटले. पुढचे तीन आठवडे मामा बोटांनी तार पाहत आणि मी त्या क्षणीचा यंत्रावरचा आकडा वहीत टिपी. मामांचे बोट आणि यंत्राचा काटा यांचा असा मेळ बसला, तेव्हा कोठे पॅन सुरळीत चालू लागले. साखरेचा दाणा एकसारखा आला आणि मामांनाही रात्री घटकाभर बसता येऊ लागले. संचालक मंडळाने यंत्राचे कौतुक केले. त्या यंत्रात मामांचे बोट आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मीही ते बोलून दाखवले नाही.

काही वर्षांनी मामा निवृत्त झाले. त्यांच्या हाताखाली नवा माणूस तयार करावा असे कोणाला वाटले नाही, कारण यंत्र चालतच होते. माझीही बदली झाली आणि वही कोठेतरी कपाटात गेली. मग एक अवर्षणाचे साल आले. ऊस वाळलेला, त्यात तोड होऊन तीन-तीन दिवस उन्हात पडलेला. अशा उसाच्या पाकात क्षार वाढतात. पाक तितकाच दाट असला तरी वीज निराळी वाहते, म्हणून नेमलेला आकडा बदलावा लागतो. तो किती बदलावा, हे कारखान्यात एकालाही ठाऊक नव्हते. यंत्र पुरवणाऱ्यांचा माणूस पुण्याहून यायला दोन दिवस लागले. तोवर गाळप मंदावले, अंगणात बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे राहिले, गाड्यांतला ऊस वाळत गेला आणि शेतकरी आपल्या गाडीखाली झोपून राहिले. शेवटी कोणीतरी मामांना त्यांच्या गावाहून आणले. त्यांनी काच मागितली, बोटाने तार पाहिली आणि आकडा सांगितला.

मंडळी, या गोष्टीचा अर्थ “यंत्र वाईट आणि जुने ते सोने” असा कोणी घेऊ नये. यंत्राने वर्षानुवर्षे चोख काम केले होते. चूक आमची होती. माणसाचे ज्ञान आम्ही यंत्रात ओतले आणि माणूस रिकामा झाला असे समजलो. प्रत्येक स्वयंचलित यंत्राच्या पोटात एक नेमलेला आकडा असतो. यंत्र तो आकडा इमानाने राखते, पण तो कोणता असावा हे यंत्र ठरवीत नाही. ते माणूस ठरवतो. तेव्हा आपल्या मुलुखाने विचारायचा प्रश्न असा, की आकडा नेमणारा माणूस कोण आणि तो कोठे राहतो?

हाच प्रश्न डाळ मिलमध्ये पाहा. लातूरच्या डाळ मिलमध्ये पूर्वी ओळीने बाया बसत आणि सुपात डाळ घेऊन काळा, किडका, डागी दाणा निवडून काढीत. आज तेथे रंग ओळखणारे यंत्र आहे. दाणे उतरत्या पन्हळीवरून दिव्याच्या झोतातून घसरतात, कॅमेरा त्यांना टिपतो आणि डागी दाणा पडता-पडताच हवेच्या फुंकरीने बाजूला उडवला जातो. डोळ्याचे पाते लवण्याआधी हे सारे घडते. किती डाग म्हणजे डागी, हे मात्र एक माणूस चकतीवर ठरवतो. चकती कडक ठेवली तर चांगली डाळ चुणीत जाते आणि मालकाचे नुकसान होते. सैल ठेवली तर खडा आपल्या दाताखाली येतो. एका मिलमध्ये मी पाहिले, की ही चकती लावण्याचे काम वीस वर्षे सूप हाती धरलेल्या एका बाईंना शिकवले होते. त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण कोणता दाणा शिजतो आणि कोणता शिजत नाही, हे त्यांना ठाऊक होते. शेजारच्या मिलमध्ये अशाच बायांना हिशेब चुकता करून घरी पाठवले होते, आणि चकती जरा हलली की तेथे दूरवरून माणूस बोलवावा लागे. दोन्ही ठिकाणी यंत्र एकच होते. फरक होता तो मालकाच्या दृष्टीत.

जिनिंगची कथा याच वळणाची आहे. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मिशन सुरू केले. जुन्या जिनिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण हा त्याचा एक भाग होता. पूर्वी बाया डोक्यावरून कापसाच्या पाट्या वाहून जिनांच्या तोंडाशी ओतीत. आता हवेच्या नळ्या आणि पट्टे कापूस वाहतात. त्या धुळीत ज्यांनी उमेदीची वर्षे काढली आणि छातीचे दुखणे घेऊन घरी बसल्या, त्यांना विचारा. पाटी गेली याचे दुःख त्यांना नाही. पाटीबरोबर हंगामाची मजुरी गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही, याचे दुःख आहे. कष्ट जावेत आणि काम राहावे, ही त्यांची मागणी. ती अवाजवी आहे असे कोण म्हणेल?

ही मागणी नवीही नाही. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत विणकऱ्याकडे दोनऐवजी तीन माग आणि कातणाऱ्याकडे एकाऐवजी दोन बाजू देण्याच्या योजना आल्या, तेव्हा कामगारांनी सुमारे सहा महिने संप केला. पुढे संगणक आले तेव्हाही देशभर हाच वाद पेटला. भारत सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते, आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. वाद अजून संपलेला नाही, आणि संपूही नये. यंत्र आणताना त्याचा लाभ कोणाच्या पदरात पडणार हे विचारणे, म्हणजे प्रगतीला विरोध करणे नव्हे.

उसाच्या काट्याचे उदाहरण घ्या. शेतकऱ्याच्या मनात काट्याविषयी पिढ्यानुपिढ्यांचा संशय आहे. जुना दांडीचा काटा गेला, विजेरी काटा आला, झगमगते आकडे आले. संशय गेला का? गेला नाही. गाडीखालचे वजनमापक दाबाचे विजेत रूपांतर करते आणि डबा त्या विजेचा आकडा दाखवतो. त्या डब्याला “इतकी वीज म्हणजे इतके वजन” हे कोणीतरी शिकवलेले असते. शिकवणारा प्रामाणिक असेल तर काटा प्रामाणिक. म्हणून वैधमापन खात्याने प्रमाण वजने ठेवून केलेली तपासणी शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत व्हावी, आणि ती कशी करतात हे चार शेतकऱ्यांच्या मुलांना कळावे. यंत्राचा आकडा दिसला म्हणून सत्य दिसले असे होत नाही. आकड्यामागची रीत दिसली पाहिजे.

आणि ज्याला हे सारे किरकोळ वाटेल, त्याने २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली भोपाळची रात्र आठवावी. विषारी द्रव थंड ठेवणारी यंत्रणा तेथे होती, पण ती बंद ठेवलेली होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा होता, पण त्याची नळी काढून ठेवलेली होती. राखणारी यंत्रे बसवणे सोपे आहे. ती जागती ठेवणे हे माणसाचे काम आहे. खर्च वाचवायचा म्हणून ती झोपवली, तर त्याची किंमत शेजारच्या वस्तीतली झोपलेली माणसे मोजतात.

मग आपण करायचे काय? आपल्याकडे काही नाही, असे रडगाणे गाण्यात अर्थ नाही. येथून जवळच विष्णुपुरीला १९८१ पासून श्री गुरु गोबिंद सिंहजी यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे आणि तेथे मापन-नियंत्रणाचे म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशनचे स्वतंत्र शिक्षण मिळते. मी ज्या विद्येविषयी तासभर बोलतो आहे, ती विद्या गोदावरीच्या काठावर शिकवली जाते. तिकडे लातूरने परीक्षेच्या अभ्यासाची जी शिस्त घालून दिली, तिचे नाव साऱ्या महाराष्ट्रात आहे. लातूरलाच रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याची २०१८ साली पायाभरणी झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. विद्या आहे, हुशारी आहे, कारखानेही आहेत. उणीव आहे ती या तिघांची गाठ पडण्याची. आमची हुशार मुले विष्णुपुरीला नियंत्रणशास्त्र शिकतात, पुण्याला आणि बंगळुरूला नोकरी धरतात. आणि मांजरेच्या काठचा कारखाना अडला की पुण्याहून माणूस बोलावतो. कोण जाणे, तो माणूस आमच्याच औशाचा किंवा मुदखेडचा निघायचा!

मी तीन साध्या सूचना करतो. पहिली अशी, की ज्या कारखान्यात नवे स्वयंचलित यंत्र येईल, तेथे ते बसवण्याआधी जुन्या कसबी कामगाराचे ज्ञान त्याच्या तोंडून ऐकून मराठीत लिहून ठेवावे. ती वही कपाटात न ठेवता यंत्राशेजारी टांगावी. कोणता ऊस आला तर कोणता आकडा, दांडा किती दिवसांनी पुसायचा, यंत्र खोटे बोलू लागले तर कसे ओळखायचे, हे सारे त्यात असावे. आणि अधूनमधून यंत्र हाताने चालवण्याचा सराव ठेवावा, नाहीतर बोटांना विसर पडतो.

दुसरी सूचना अशी. ज्याचे काम यंत्र घेणार, त्यालाच ते यंत्र सांभाळण्याचे शिक्षण पहिल्यांदा द्यावे. सगळ्यांना ते जमेल असा भाबडा दावा मी करीत नाही. पण सूप टाकून चकती हाती घेणाऱ्या बाई मी पाहिल्या आहेत, म्हणून कोणालाच जमणार नाही हा दावाही मी मानत नाही.

तिसरी सूचना आपणा शहरवासीयांसाठी आणि पालकांसाठी आहे. आत्ता वसंत आहे. साखर कारखान्यांचा हंगाम आटोपला आहे. चरक उघडलेले आहेत, झडपा सोडवून ठेवल्या आहेत, मापकांचे डोळे पुसले जात आहेत. वर्षभर बंद असलेले यंत्राचे पोट याच दिवसांत उघडे असते. आणि नेमक्या याच दिवसांत आपल्या मुलांना सुटी असते. महाविद्यालयांनी आणि कारखान्यांनी मनावर घेतले, तर उन्हाळ्याचे सहा आठवडे ही मुले तेथे तेलकट हातांनी शिकतील. बंद हंगामात जो मुलगा झडप खोलून पुन्हा बसवील, त्याला गाळपाच्या हंगामात पहाटे तीन वाजता हाक मारता येईल, आणि तो दोन दिवसांनी नव्हे, दहा मिनिटांत येईल.

मामा आज हयात नाहीत. त्यांना अक्षरओळख बेताची होती. सत्कार झाला नाही की मानपत्र मिळाले नाही. पण त्या यंत्रात त्यांनी नेमून दिलेला आकडा, मी शेवटचे पाहिले तेव्हा, तसाच होता. त्यांच्यामागे तो आकडा बदलू शकेल असा एकही माणूस आम्ही तयार केला नाही, ही खंत घेऊन मी आज आपल्यापुढे उभा राहिलो. आपल्या घरातल्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने ही उणीव भरून काढली, तर माझे हे रुक्ष व्याख्यान सत्कारणी लागले असे मी समजेन.